टकळी, सरकी आणि 6174

वर्ध्यात 1937 साली ज्या शाळेचा आराखडा ठरला, तिच्या रोजच्या साडेपाच तासांपैकी गणिताच्या वाट्याला 40 मिनिटं आली होती. तीही एकट्या गणिताची नव्हेत. संगीत आणि चित्रकला यांच्याशी वाटून घ्यायची होती. हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं, मातृभाषेला 40 मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना मिळून 30, कवायतीला 10 आणि मधल्या सुट्टीला 10. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातलं हे वेळापत्रक आजच्या एखाद्या पालकाला दाखवलं, तर तो त्याच दिवशी मुलाचा दाखला काढायला शाळेत जाईल.

गणित कमी करावं असा मात्र कुणाचा विचार नव्हता. ते त्या 3 तास 20 मिनिटांत शिरलेलं होतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 या दोन दिवशी मारवाडी शिक्षण मंडळाच्या हायस्कुलात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. हातानं उपयोगी काम करता करता मुलानं सगळे विषय शिकावेत, ही त्यांची मांडणी, आणि टकळी हे त्यांचं आवडतं उदाहरण. सभेत सगळ्यांनीच माना डोलावल्या असं झालं नाही. प्रा. के. टी. शाह यांनी मुलांच्या श्रमावर शाळा चालवण्याच्या कल्पनेला हरकत घेतली. टकळीतून सगळं काही शिकवता येणार नाही, असं झाकिर हुसेन यांनीही बजावलं. गांधीजींनी मग अभ्यासक्रम करायच्या समितीचं अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडेच दिलं. 2 डिसेंबरला अहवाल तयार, फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसची मान्यता आणि पुढच्या काही महिन्यांत हिंदुस्थानी तालीमी संघ. शांतिनिकेतनातून आलेले आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेगावात, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, ही शाळा उभी केली.

आता टकळीतलं गणित पाहू. कातलेलं सूत मोजायचं माप म्हणजे तार, चार फुटांचा एक. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. गांधीजींचा रोजचा नेम 160 तारांचा होता. चौथीतल्या मुलाला एवढ्यावरच गुणाकाराचा आठवडा पुरतो: गुंडी म्हणजे 2560 फूट, म्हणजे 853 यार्ड आणि वर एक फूट. खरी गंमत पुढे आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. पौंडाचे जवळपास 39 तोळे. मुलाची गुंडी तराजूत 2 तोळे भरली, तर सूत साधारण 20 नंबरचं. तीच गुंडी 4 तोळे भरली, तर 10 नंबरचं, म्हणजे जाडंभरडं. इथे भागाकार चुकला तर लगेच कळतं, कारण सूत हातात आहे. डोळ्यांना आणि बोटांना ते जाड लागतंय आणि वहीत मात्र 40 नंबर आलाय.

मला त्या सगळ्या योजनेतली ही एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. श्रमाचं मोल, स्वावलंबन, खादी यांवर भरपूर लिहून झालं आहे आणि भांडूनही झालं आहे. पण उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याचा अधिकार गुरुजींच्या हातून निघून सुताकडे आणि तराजूकडे जातो, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. प्राथमिक शाळेतल्या कोड्यांच्या आणि गणिती खेळांच्या मंडळाविषयी लिहायचं तर वर्ध्यातून सुरुवात करावी, ती या कारणासाठी. चांगलं कोडं नेमकं हेच करतं. वाघ-शेळी-गवताचं कोडं सुटलं की नाही, ते सरांना विचारावं लागत नाही. शेळी खाल्ली गेली, की खाल्ली गेली.

फरक आहे तो उपयोगाचा. टकळीचं गणित कामाचं, कोड्याचं बिनकामाचं. नई तालीमच्या, म्हणजे वर्ध्याच्या या योजनेच्या, कडव्या अनुयायांना हे खटकेल. पण याच परिसरात, नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर जगायचा प्रयोग करणाऱ्या आणि पुढे पवनारला धाम नदीच्या काठी राहिलेल्या विनोबांना गणित कशासाठी आवडत होतं? हिशेबासाठी नक्कीच नाही. ईश्वराखालोखाल आपलं प्रेम गणितावर आहे, असं ते सांगत. मुलालाही बिनकामाचं गणित हवं असतं. त्याला ते कुणी देत नाही, एवढंच.

देत नाही म्हणण्यापेक्षा, देतात ते वेगळ्याच रूपात. आपल्याकडे प्राथमिक शाळेतली ‘कोडी’ राहतात शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, 2017 साली पाचवी-आठवीला गेली. एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. गटात न बसणारी संख्या ओळखा: 9, 16, 25, 27. उत्तरसूचीत 27, कारण बाकीच्या तिन्ही वर्गसंख्या. पण एखादी मुलगी म्हणाली 16, कारण ती एकटी सम आहे, तर ती चुकली का? 9 ही एकटी एकअंकी आहे. 25 ही एकटी पाचाच्या पाढ्यात येते. म्हणजे चारही संख्या आपापल्या परीनं गटाबाहेरच्या आहेत! परीक्षेत हा शोध लावणाऱ्या मुलीला शून्य मिळतं आणि शोध लावण्यात गेलेली मिनिटंही बुडतात. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. गावखेड्यातल्या कितीतरी हुशार मुलांना तिनं पुढे आणलं. पण तिच्या तयारीलाच कोडी सोडवणं समजायचं, तर मूल एकच गोष्ट शिकतं: प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखायचं.

मंडळात हाच प्रश्न उलटा विचारता येतो. चारही संख्या बाहेर काढून दाखवा, प्रत्येकीला कारण द्या. मग मुलांनी स्वतः असा चौघांचा गट बनवून आणायचा. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि त्याला उत्तरसूची नाही.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा पहिला आणि रास्त प्रश्न. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निपुण भारतच्या चाचण्या, मधूनच निवडणुकीचं काम. पण 2024 साली राज्य शासनानं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आणला, आणि निदान कागदावर तरी शनिवारच्या सकाळी एक फट उघडली. दुसरी अडचण शाळांच्या आकाराची. सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर अशा तालुक्यांच्या आतल्या गावांत दोन शिक्षक आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, हे चित्र नवं नाही. धडा शिकवायला ही रचना जड जाते. खेळाला मात्र ती सोयीची ठरते, कारण सरकीच्या डावात दुसरीतली मुलगी चौथीतल्या मुलाला हरवू शकते आणि हरवतेही.

तर सरकीचा डाव. कापसाच्या या जिल्ह्यात सरकी मिळायला अडचण नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठल्याही जिनिंगकडून मूठभर आणावी. पेरणीच्या पाकिटातलं बियाणं मात्र चुकूनही नको, त्याला औषध चोळलेलं असतं. सरकी नसेल तर चिंचोके. समोर 20 सरक्या, खेळाडू दोघं. आपल्या पाळीला 1, 2 किंवा 3 उचलायच्या. शेवटची सरकी जो उचलेल तो जिंकला.

पहिले काही डाव मुलं मनाला येईल तसं उचलतात. शेवटी चार उरल्या आणि पाळी आपली असली की काहीही करा, हरतोच, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. ‘काहून बे, चार आले का मी मेलोच!’ असं काहीसं ओरडणं ऐकू आलं की मंडळ सुरू झालं म्हणायचं. पुढचं पाऊल पडायला वेळ लागतो: मग समोरच्यापुढे चार कशा ठेवायच्या? त्याच्यापुढे आठ ठेवल्या तर? तो 1 उचलेल तर मी 3, तो 2 तर मी 2, तो 3 तर मी 1, राहिल्या चार. आठाच्या आधी बारा, बाराच्या आधी सोळा, सोळाच्या आधी वीस. म्हणजे 20 सरक्यांच्या डावात जो पहिला खेळेल त्याची गत ठरलेली आहे, समोरच्याला हे ठाऊक असेल तर. शेवटाकडून मागे चालत यायचं, ही विचाराची एक मोठी रीत आहे. मोठमोठे गणिती तीच वापरतात, आणि इथे ती जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती लागते. अशा ढिगाऱ्यांच्या एका खेळाची संपूर्ण उकल हार्वर्डच्या चार्ल्स बूटननं 1901 साली प्रसिद्ध केली आणि खेळाला ‘निम’ हे नाव दिलं. आपला डाव त्याचाच धाकटा भाऊ.

शिक्षकाची खरी परीक्षा इथे असते. चारच्या पाढ्याचं गुपित त्याला ठाऊक असतं आणि ते ओठांवर येत असतं. तिथेच थांबायचं. सांगितलं की खेळ संपला. उरलं ते चारच्या पाढ्याचं आणखी एक उदाहरण. गुपित फुटल्यावर नियम बदलावा. आता दोनपर्यंतच उचलायच्या. आता शेवटची उचलणारा हरतो. पहिल्या बदलात तीनचा पाढा कामाला येतो. दुसऱ्यात समोरच्यापुढे 1, 5, 9, 13 अशा सरक्या ठेवाव्या लागतात आणि मुलांचा हुकमी चारचा पाढा एकानं सरकतो. पहिला डाव नुसता पाठ केलेली मुलं इथे उघडी पडतात, समजून घेतलेली हसतात.

तराजूचं एक कोडं मला या भागासाठी फार योग्य वाटतं. एका व्यापाऱ्याकडे एक मणाचं, म्हणजे 40 शेरांचं, दगडी वजन होतं. ते खाली पडून त्याचे चार तुकडे झाले. रडण्याऐवजी तो खूश झाला, कारण त्या चार तुकड्यांनी 1 शेरापासून 40 शेरांपर्यंत कुठलाही पूर्ण शेरांचा माल तोलता येऊ लागला. तुकडे कितीकितीचे? युरोपात हे कोडं बाशे या फ्रेंच लेखकाच्या 1612 सालच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालं, तिथे वजन 40 पौंडांचं. पण 40 ही संख्या आपल्याकडे जशी चपखल बसते तशी तिकडे बसत नाही; मणाचे शेर 40च.

मुलांचा पहिला अंदाज हमखास दुपटीचा: 1, 2, 4, 8. बेरीज 15, पुढे अडलं. मग कुणी 1, 2, 4 आणि उरलेले 33 करून बघतो. 8 आलं की गाडी थांबते. खरी अडचण अशी की मुलं वजन फक्त एकाच पारड्यात ठेवत असतात. मालाच्या पारड्यातही वजन ठेवता येतं, हे हातात तराजू असल्याशिवाय सुचत नाही. म्हणून काठी, सुतळी आणि डब्याची दोन झाकणं घेऊन तराजू करायचाच. इकडे 3, तिकडे 1 आणि माल: माल 2 शेर. तुकडे 1, 3, 9 आणि 27. पाच शेर तोलायचे तर एका पारड्यात 9, मालाबरोबर 3 आणि 1. चौदासाठी 27 इकडे, बाकी तिन्ही मालाकडे. बावीससाठी 27, 3 आणि 1 इकडे, मालाकडे 9. चाळीसही मापं वहीत लिहून काढायला वर्गाला एक शनिवार पुरत नाही, आणि अर्ध्यावरच त्यांना दिसू लागतं की आपण काहीतरी ठरावीक लयीत लिहितोय. वजाबाकी म्हणजे वजन पलीकडच्या पारड्यात टाकणं, ही समज फळ्यावरच्या उदाहरणांनी येत नाही.

दशमान नाणी 1957 साली आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि शेर-मणाबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही गेले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो पाठ असलेले आजोबा आता सापडणं कठीण, पण सापडलेच तर त्यांना एका शनिवारी शाळेत बोलवावं. साडेतीन गुणिले तेरा मुलांनी कागदावर करायचं, आजोबांनी तोंडी. पैज लावायची असेल तर आजोबांच्या बाजूनं लावा.

नदीपार नेण्याच्या कोड्यावर फार थांबत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. होडीत नावाड्याबरोबर एकच जण: वाघ, शेळी किंवा गवताचा भारा. बोरच्या जंगलालगतच्या गावांत वाघ ही कथेतली गोष्ट नाही, त्यामुळे मुलांना भूमिका समजावून द्याव्या लागत नाहीत. खडूच्या दोन रेघा म्हणजे नदी. सात फेऱ्या लागतात. कोंडी होते ती नेहमी एकाच जागी: पलीकडे नेलेली शेळी परत आणायची. मुलं ते करायलाच तयार नसतात; एकदा नेलं ते नेलं, परत आणणं म्हणजे हरणं. हा अडसर मोठ्या माणसांतही दिसतो. वाघ-बकरीचा पट खडूनं आखून खेळायचा असेल तर तोही याच सत्रात घ्यावा. जुन्या देवळांच्या ओट्यांवर आणि किल्ल्यांच्या फरशीवर असे पट कोरलेले अजून दिसतात.

चल्लस-आठची गोष्ट निराळी. चार कवड्या, 25 घरांचा पट, घरोघरच्या आज्यांनी खेळलेला खेळ. तोंड वर पडलेल्या कवड्या मोजायच्या: एक, दोन, तीन, चारही वर पडल्या तर चल्लस, चारही पालथ्या पडल्या तर आठ. मंडळात पट बाजूला ठेवून आधी नुसत्या कवड्या टाकायच्या. चार कवड्या पडण्याच्या तऱ्हा 16. त्यांतल्या चार तऱ्हांनी 1 पडतो, सहांनी 2, चारांनी 3, आणि चल्लस-आठ एकेका तऱ्हेनं. म्हणजे ज्या दोन दानांसाठी सगळे हात जोडून बसतात, ती सर्वांत दुर्मीळ. गटागटानं 160 वेळा कवड्या टाकून फळ्यावर खुणा करायच्या. कवडी दोन्ही बाजूंवर सारखीच पडते असं धरलं, तर हिशेबानं साधारण 40, 60, 40, 10, 10 असे आकडे यायला हवेत. तसे ते येत नाहीत, थोडे इकडेतिकडे होतात, आणि त्यावर वर्गात खडाजंगी होते. मग कवड्यांऐवजी चिंचोके घ्यायचे, मधोमध फोडून अर्धे केलेले. आता आकडे चांगलेच घसरतात, कारण अर्धा चिंचोका दोन्ही बाजूंवर सारखा पडत नाही. कुठल्या बाजूवर जास्त पडतो? मोजा. 1, 4, 6, 4, 1 ही ओळ पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या टीकेत हलायुधानं दहाव्या शतकात मेरुप्रस्तार म्हणून समजावली आहे. तिथे प्रश्न लघु-गुरू अक्षरांचा होता, इथे कवडी पालथी की उताणी एवढाच.

जुन्या गणिताचा विषय निघालाच आहे म्हणून: भास्कराचार्यांची 1150 सालची ‘लीलावती’ मुळात गोष्टी सांगून उदाहरणं घालते, आणि त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा 1207 सालचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण इथला आहे. पण प्राथमिक शाळेच्या मंडळाला सर्वांत जवळचा गणिती म्हणाल तर तो आठशे वर्षांपूर्वीचा नाही. तो देवळालीच्या शाळेत मास्तर होता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, 1905 सालचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना, 1927 साली, रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. 1930 पासून 1962 मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शालेय शिक्षक. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. आकड्यांशी खेळायचा नाद मात्र असा की बरेच व्यावसायिक गणिती त्यांच्याकडे कौतुकमिश्रित संशयानं पाहत. 1949 साली त्यांनी 6174 चा गुणधर्म मांडला, 1975 साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभरच्या कोडीवेड्यांपर्यंत पोचलं.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, खाली चढत्या क्रमानं, वजाबाकी करा. उत्तरावर तेच पुन्हा. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं आणि तिथेच राहतं. वर्ध्याच्या परिषदेचं साल घेऊन बघा, 1937: 9731 वजा 1379 म्हणजे 8352; 8532 वजा 2358 म्हणजे 6174. दोनच पायऱ्या! 2025 ला सहा लागतात.

तिसरीच्या मुलांना चार अंकांची वजाबाकी जड जाते. त्यांना तीन अंकी द्यावी. तिथे मुक्काम 495. इथे मुलांना स्वतः पकडता येईल असं बरंच काही आहे. पहिल्या वजाबाकीनंतर मधला अंक कायम 9, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9. म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊ संख्या शक्य उरतात: 099, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. फळ्यावर या नऊ लिहून कोण कुणाकडे जातं याचे बाण काढले की सगळ्यांची वाट 495 कडे वळलेली दिसते. तीनअंकी 891 वेगवेगळी उदाहरणं तपासायची गरजच उरत नाही. एक खड्डा मात्र आहे: 099 चं पुढचं शून्य पुसलं, की 99 वजा 99, उत्तर 0, आणि ‘सर, कापरेकर चुकले!’ हा खड्डा आधी दाखवू नये.

दुसरीला दोन अंक. तिथे मुक्कामच नाही. 81, 63, 27, 45, 9 आणि परत 81, असं चक्र फिरत राहतं. उलटसुलट अंकांच्या वजाबाकीत 9 चा पाढा का येतो, हा प्रश्न दुकानातल्या जुन्या दिवाणजींना विचारला असता तर त्यांनी उपयोगच सांगितला असता: ताळा जमेना आणि फरकाला 9 नं भाग जातोय, तर कुठेतरी 63 चे 36 लिहिले गेले असतील. आपल्या मुलांकडून ही अदलाबदल जरा जास्तच होते, कारण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही वाचनाची रीत दिली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांनी आयुष्यभर मुलांसाठी गणित सोपं करून लिहिलं, आणि त्या वादातही त्या शांतपणे मुलांच्या अडचणीकडेच बोट दाखवत राहिल्या. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीतल्या मुलाला ऐंशी ते नव्वद लिहायला सांगून पाहिलं होतं, कुणास ठाऊक.

कापरेकरांचा दुसरा खेळ मला 6174 पेक्षाही शाळेजोगा वाटतो. त्यात वजाबाकीसुद्धा नाही. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. 12 मध्ये 1 आणि 2 मिळवले की 15. म्हणजे 12 पासून 15 जन्मली. 21 पासून 24. आता 1 ते 100 चा तक्ता जमिनीवर आखा, आणि एकापासून सुरुवात करून जन्मलेल्या प्रत्येक संख्येवर एक सरकी ठेवा. काम मोठं आहे, पण वाटून घेता येतं: एकानं 1 ते 9, दुसरीनं दहाची ओळ, तिसऱ्यानं विसाची. शेवटी काही घरं रिकामी राहतात. त्या संख्या कुणापासूनच जन्मलेल्या नाहीत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं.

रिकामी घरं 13 असतात: 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42, 53, 64, 75, 86, 97. वर्गात कुणी ना कुणी ओरडतंच, की 20 च्या पुढे अकराअकरानं चाललंय! खरंच चाललंय. मग पुढची कुठली? 108. तपासून बघायचं, कशापासूनच येत नाही, नियम टिकला. आता 108 च्या पुढे 119 हवी, आणि आता सगळ्यांना नियमाची खात्री पटलेली असते. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी 109 ची बेरीज करून आणतं: 109 मध्ये 1, 0 आणि 9. होतात 119. स्वयंभू नाही. आणि तिच्या जागी रिकामी राहिलेली 110 आधीच कुणीतरी शंभराच्या पुढे वाढवलेल्या तक्त्यात सगळ्यांच्या समोर असते. मग भांडण सुरू होतं: दोघं म्हणतात बेरीज चुकली, दोघं पुन्हा करून बघतात, एक जण 110 साठी 90 पासून पुढच्या सगळ्या संख्या तपासायला बसतो, आणि शनिवारची शाळा सुटल्याची घंटा झाली तरी तक्त्यावरच्या सरक्या कुणी उचलत नाही.